तीन पिकअप, तीन घराणी

"दादा, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. गिटार स्ट्रॅट घाटाची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी), चायनीज. पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकाच्या कॉइल, तीन: मानेकडे नेकला आणि मधे मिडलला सिंगल कॉइल, मागे ब्रिजला दोन कॉइलचा हंबकर. पैसे जमतील तशी अपग्रेड करत गेलो. नेकला सेमूर डंकनचा एसएसएल-१ टाकला, आतेभावाने न्यू जर्सीहून येताना आणला. ब्रिजला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन, सेकंडहँड. मिडलला मूळचाच ठेवला. सोल्डरिंग मित्राने केलं, डंकनची डायग्राम बघून. आता एवढा नावाजलेला हंबकर, पण एकटा लावला तरी पातळ वाजतो, वर घूं घूं करतो. नेक आणि मिडल एकत्र केले की आवाज नाकातून आल्यासारखा होतो आणि पडतो. नेक एकटा मात्र झकास. दुकानात दाखवली. त्यांनी मीटर लावून सगळे पिकअप ओके आहेत असं सांगितलं. म्हणाले, 'वेगवेगळ्या कंपन्यांचे मिक्स केले की असंच होतं, एका कंपनीचा पूर्ण सेट घ्या आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर) ५०० केचे, म्हणजे ५०० हजार ओहमचे, टाका.' गणपतीच्या सुपाऱ्या तोंडावर आल्यात. सेट घेऊन टाकू का?"

सेट घेऊ नकोस. तुझ्या पत्रातल्या बहुतेक तक्रारी एक सोल्डरिंग आयर्न आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर सुटतील.

कंपन्या वेगळ्या असल्या की पिकअप जुळत नाहीत, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे आणि ती दुकानांच्या सोयीची आहे. नेकला डंकन आणि ब्रिजला डिमार्झिओ लावून वाजवणारे ढिगाने आहेत. शेजारी कुठल्या घराण्याचा पिकअप बसलाय हे पिकअपला कळत नाही. वायरी कुठल्या दिशेने जोडल्यात, चुंबकाचा कुठला ध्रुव तारांकडे आहे, शेजारचा किती जोरात वाजतो आणि पुढे पॉटचा भार किती आहे, एवढ्याच गोष्टी त्याच्या कामाच्या. जुळवायचं ते हेच. डबीवरचं नाव नव्हे.

आधी ब्रिज. पिकअप डिमार्झिओचा आणि डायग्राम डंकनची, हे तू जाता जाता लिहून गेलास, पण बिघाड तिथेच आहे. दोन्ही कंपन्यांच्या चार कंडक्टरच्या हंबकरला लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा त्याच चार वायरी असतात आणि सोबत एक उघडी. रंग तेच असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. डंकनमध्ये काळी हॉट (म्हणजे सिग्नल नेणारी), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून वर टेप, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. हिरवी दोन्हीकडे अर्थलाच जाते, त्यामुळे अर्धी डायग्राम बरोबर जुळते आणि माणूस निर्धास्त होतो.

प्रत्यक्षात तुझ्या हंबकरमधली एक कॉइल उलटी लागलीय. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याची सगळी करामत एवढीच, की दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडायच्या आणि त्यांचे ध्रुवही उलट ठेवायचे. दोन्ही उलट असल्यामुळे तारेचा आवाज एकात एक मिळतो, आणि बाहेरून आलेला वीजेचा घूं आवाज मात्र एकमेकांना मारतो. तुझ्याकडे त्यातली एक कॉइल पुन्हा उलटली, म्हणून तारेचा आवाज वजा होतोय आणि घूंची बेरीज होतेय. पातळ आवाज आणि वर हम (तोच घूं), ही दोन्ही लक्षणं एकाच चुकीची.

मग दुकानातला मीटर ओके कसा म्हणाला? कारण रेझिस्टन्सला दिशा नसते. सुपर डिस्टॉर्शनच्या दोन्ही कॉइल मिळून पावणेचौदा केच्या आसपास भरतात. एक कॉइल उलटी जोडली तरी आकडा तोच येणार. कॉइल तुटलीय का, एवढंच तो मीटर सांगू शकतो.

लाल हॉटला घे, काळी-पांढरी एकत्र जोडून टेप लाव, हिरवी आणि उघडी अर्थला ठेव. पण माल सेकंडहँड आहे, म्हणून आयर्न तापवण्याआधी चारही वायरी सोडवून मीटर २० केवर ठेवून बघ. लाल आणि काळीमध्ये एकूण आकड्याच्या साधारण निम्मा आकडा दिसला पाहिजे, हिरवी आणि पांढरीमध्ये तसाच, आणि लाल-हिरवीमध्ये काहीच नाही. हे जमलं तर रंगांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. नाही जमलं तर आधीच्या मालकाने वायर बदललीय किंवा पिकअप डिमार्झिओचा नाहीच. मग कुठल्या दोन वायरी एका कॉइलच्या ते मीटरनेच शोधायचं.

जोडून झालं की स्क्रूड्रायव्हरची चाचणी कर. ही शिकून ठेव, जन्मभर उपयोगी पडेल. गिटारला केबल लाव, व्हॉल्यूम पूर्ण, टोन पूर्ण, स्विच ब्रिजवर. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या टोकाला मीटरची लाल पिन, दांड्याला काळी, मीटर २० के ओहमवर. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं पातं हंबकरच्या एका रांगेच्या पोलवर (तारांखालच्या धातूच्या टोकांपैकी एकावर) टेकव, आकडा स्थिर होऊ दे, मग पातं झटकन उचल. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारतो किंवा खाली. कागदावर लिहून घे. मग दुसऱ्या रांगेवर तेच. दोन्ही रांगांवर उडी एकाच बाजूला आली पाहिजे. आज केलीस तर दोन रांगा दोन दिशांना उड्या मारतील, म्हणून जोडणी बदलण्याआधीही एकदा करून बघ, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. डिजिटल मीटर जरा आळशी असतो, तीन-चार वेळा उचलून खात्री कर. काट्याचा जुना मीटर कुणाकडे पडला असेल तर उत्तम. एकच जपायचं: पातं पोलवरच टेकव, बाजूला घसरू देऊ नकोस. कॉइलची तार केसाइतकी बारीक असते आणि ओरखडा लागून ती तुटली तर कुणी जोडून देत नाही.

आता नेक आणि मिडल, म्हणजे पाचच्या स्विचची चौथी पोझिशन. इथे दोन अनोळखी सिंगल कॉइल एकत्र आल्यात आणि त्या आउट ऑफ फेज आहेत. तार एकीकडे वर ढकलते तेव्हा दुसरीकडे खाली. बेस एकमेकांना खातो, उरतो तो नाकातला आवाज. (फ्लीटवुड मॅक बँडचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या लेस पॉलमध्ये, म्हणजे गिब्सनच्या दोन हंबकरच्या गिटारमध्ये, नेक पिकअपचं चुंबक उलटं होतं, आणि दोन्ही पिकअप एकत्र केल्यावर येणारा तो पोकळ आवाज पुढे त्याची ओळख झाला. तुला तो आवडला तर ठेव. पण ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि दोन ढोलक्यांमध्ये तो ऐकूच येणार नाही.)

पुष्कळ जण इथे सरळ एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करतात आणि मोकळे होतात. तूही तेच करणार आहेस, पण त्याआधी एक मिनिट कान देऊन ऐक. अँप चालू, तारांवर हात ठेवून त्या बंद, स्विच नेकवर, घूं किती येतो ते ऐक. मग स्विच चौथ्यावर ने.

घूं तसाच राहिला किंवा वाढला, तर तू नशीबवान आहेस. दोन्ही कॉइल एकाच दिशेने लागल्यात, पण चुंबक एकमेकांच्या उलट आहेत. मिडलच्या दोन वायरी उलटवल्यास की आवाज भरेल आणि हमही बराच मरेल. बराच म्हणतोय, पूर्ण नाही, कारण दोन्ही कॉइलचे वेढे सारखे नाहीत.

उलट, चौथ्यावर घूं एकदम कमी झाला, तर दोन्ही चुंबक एकाच दिशेचे आहेत आणि कॉइल उलट लागल्यात. वायरी बदलल्यावर आवाज भरेल, पण हम परत येईल. तो दोष समजू नकोस. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिचे तिन्ही पिकअप एकाच दिशेचे होते आणि पाच पोझिशनचा स्विच तर कंपनीने १९७७ मध्ये दिला. त्याआधीचे वादक तीनचा स्विच मध्येच अडकवून हा मधला आवाज काढायचे, घूंसकट.

वायरी मिडलच्याच उलटव, नेकच्या नको. नेक एकटा छान वाजतोय, त्याला हात लावण्याचं कारण नाही. मिडल उलटवल्यावर दुसरी पोझिशन, म्हणजे ब्रिज आणि मिडल, पुन्हा तपास. तिथे पातळ झालं तर आता हंबकर पूर्ण उलटवायचा: हिरवी हॉटला, लाल अर्थला, काळी-पांढरी जशी आहे तशी. उघडी मात्र कुठल्याही परिस्थितीत अर्थलाच. तुझ्या सुदैवाने तिघांपैकी कुणावरही अर्थला जोडलेली पत्र्याची टोपी नाही. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेकसारखी टोपी असती तर नुसत्या वायरी उलटवल्यावर ती टोपीच हॉट झाली असती, मग आधी तिची जोडणी वेगळी करावी लागते.

हे झालं की नवी तक्रार येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो: ब्रिज फार जोरात आणि बाकीचे दोन दबलेले. हंबकरने आतापर्यंत अर्धा आवाज गिळला होता, म्हणून तुला ते जाणवलं नाही. इथे लोक आकडे मोजायला बसतात. एसएसएल-१ साडेसहा के, सुपर डिस्टॉर्शन पावणेचौदा, म्हणजे दुप्पट जोर, असं काही नसतं. बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांत रेझिस्टन्स वाढतो. आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांना साडेसहा के दाखवणारा पिकअप विदर्भातल्या मे महिन्यात ४२ अंशांना सात केपर्यंत जातो. त्याचा जोर काही तेवढ्याने वाढत नाही. सेकंडहँड पिकअप घेताना पाच-सहा टक्क्यांच्या फरकावरून विकणाऱ्याशी भांडणारे लोक आहेत, त्यांनी आधी पंखा कितीवर होता ते विचारावं.

जोर जुळवायचा तो उंचीने. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर आणि पिकअपच्या पोलपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोज. फेंडरचे सुरुवातीचे आकडे चांगले आहेत: जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला जाड ईकडे २.४ मिमी, बारीक ईकडे २ मिमी. हंबकरला दोन्हीकडे १.६. पण तू हंबकरला १.६ वर आणू नकोस. नेक त्याच्या जागी लाव, क्लीनवर एक कॉर्ड वाजव, आणि ब्रिज त्याच्या बरोबरीला येईपर्यंत खाली नेत जा. जोरदार पिकअप खाली नेला की बिघडत नाही, उलट जरा मोकळा होतो. नेक वर ओढून ब्रिजला गाठायचा मोह मात्र टाळ. एसएसएल-१ चे पोल म्हणजे अल्निकोची चुंबकंच आहेत. ती तारेला फार जवळ आली की तार ओढतात, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि तू ट्यूनरला शिव्या देत बसतोस.

जी तार इतरांपेक्षा जास्त खणखणते असं वाटलं तर तेही या पिकअपचंच. त्याचे पोल जुन्या काळच्या, गुंडाळलेल्या जी तारेच्या हिशेबाने खालीवर ठेवलेले आहेत, आपण साधी जी लावतो. तो पोल दाबून खाली ढकलायला जाऊ नकोस. कॉइल त्या चुंबकांभोवतीच गुंडाळलेली असते. पोल हलला की आतली तार गेली.

पॉटचं बघू. ५०० के टाका हा सल्ला हंबकरच्या गिटारींसाठी ठीक आहे, पण डोळे मिटून घ्यायचा नाही. पॉट म्हणजे पिकअपवरचा भार. आकडा लहान तितका भार जास्त आणि वरची धार कमी. लेस पॉलमध्ये हंबकरला ५०० केचा व्हॉल्यूम आणि ५०० केचा टोन, दोन्ही समांतर लागतात, म्हणजे भार २५० केचा. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिजला टोन जोडलेलाच नसतो, नुसता २५० केचा व्हॉल्यूम. म्हणजे तिथे हंबकर टाकला तरी त्याला २५० केच दिसतात, लेस पॉलइतकेच! तेव्हा आधी पिकगार्ड उघडून बघ, ब्रिजला टोन जोडलाय का. नसेल आणि व्हॉल्यूम २५० केचा असेल, तर पॉट बदलायचं कारण नाही.

ब्रिजला टोन जोडलेला असेल तर भार १२५ केवर येतो आणि हंबकर गुदमरतो. तेव्हा टोनची ती जोडणी काढून टाक, किंवा फक्त व्हॉल्यूमचा पॉट ५०० केचा कर आणि टोनचे २५० केच ठेव. नेकला मग १२५ ऐवजी १६७ के दिसतील, जरा चकाकी वाढेल, कान किटणार नाहीत. तिन्ही पॉट ५०० केचे केलेस तर तुझा झकास नेक कर्कश होईल, आणि तेवढी एकच गोष्ट आत्ता गिटारमध्ये धड आहे. सिंगल कॉइलच्या हॉट आणि अर्थमध्ये ४७० केचा रेझिस्टर (पट्टे पिवळा, जांभळा, पिवळा) टाकून त्याला २५० केचा भास देण्याची युक्तीही आहे, पण दोन्ही सिंगलना टाकलेस तर चौथ्या पोझिशनला दोन्हींचा भार एकदम येतो. तुला आत्ता त्याची गरज नाही.

पॉटच्या पाठीवर काय छापलंय ते वाच. चायनीज गिटारीत कधी ए असतो, कधी बी. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. व्हॉल्यूम फिरवताना बराच वेळ काही होत नाही आणि शेवटी एकदम पडतो, अशी तक्रार असेल तर तिथे बी बसलाय. ए घे. छापलेल्या आकड्यात २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून दुकानात मीटर घेऊन जा आणि मोजून घे. पुण्याला तापकीर गल्ली किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला कुणी जाणार असेल तर त्याला यादी दे. अमेरिकन घाटाचा मोठा पॉट मात्र तुझ्या पिकगार्डच्या भोकात बसणार नाही, भोक मोठं करावं लागेल, आणि तुझ्या गिटारचा खळगा उथळ असेल तर खालूनही अडेल.

स्टेजवरच्या हमबद्दल थोडं. वर सांगितलेलं सगळं करूनही मांडवातल्या डिमरच्या आणि एलईडी लाइटच्या शेजारी सिंगल कॉइल कुरकुरणारच. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. हात लावूनही काही फरक पडत नसेल तर ट्रेमोलोच्या स्प्रिंगच्या पट्टीला लागलेली वायर सुटलीय का ते आधी बघ, पिकअप बदलताना ती हमखास ओढली जाते.

वेळेचं म्हणशील तर हंबकरचे रंग आणि मिडलच्या दोन वायरी एवढं एका संध्याकाळी होतं. उघडण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढ, प्रत्येक जोडाचा जवळून. ते झाल्यावर निदान एका प्रॅक्टिसला पाचही पोझिशन वाजवून बघ, अँपवर नव्हे, ज्या मिक्सरवर कार्यक्रम करता त्यावर. पॉटचं काम गणपतीनंतर कर. सुपारीच्या आदल्या रात्री पिकगार्ड उघडायचं नाही.

मिडल बदलायचा की नाही, हे उंची जुळवल्यावर ठरव. स्वस्त सिरॅमिक चुंबकाचा आहे म्हणून तो वाईटच असेल असं नाही. चौथ्या पोझिशनला तुला आवाज आवडला तर तो तसाच राहू दे. नाही आवडला, किंवा वरच्या चाचणीत दोघांचे चुंबक एकाच दिशेचे निघाले आणि हम सोसवत नसेल, तर तेवढा एकच पिकअप घे: एसएसएल-१ चाच आरडब्ल्यू/आरपी प्रकार, म्हणजे वेढे आणि ध्रुव दोन्ही उलटे असलेला. आतेभाऊ पुन्हा येणार असेल तर ही अक्षरं त्याला लिहूनच दे, कारण साधा एसएसएल-१ दिसायला अगदी तसाच असतो आणि त्याने चौथ्या पोझिशनचा हम जाणार नाही. तो बसवलास की दुसरी पोझिशन परत एकदा स्क्रूड्रायव्हर लावून तपास.